डायलिसिस चालू असताना हृदयाभोवती पाणी झालंय, सुई घालून काढायचं सोडून रोज डायलिसिस का करतायत?

घाटकोपरची_लेक:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आई ६३ वर्षांची, डायबेटीस जुना, त्यातच किडन्या गेल्या. मार्चपासून डायलिसिस चालू, आठवड्यातून दोनदा, डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया घालायला ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) आहे. या पावसात कधी लोकल बंद, कधी रस्त्यात पाणी, त्यामुळे एखाददुसरं सेशन बुडालं. मग तिला बारीक ताप यायला लागला आणि छातीत दुखायचं, पण गंमत म्हणजे आडवं पडलं की जास्त, उठून बसली आणि पुढे टेबलावर हात टेकून वाकली की कमी. आम्ही सगळे गॅस गॅस करत बसलो. मग परवा मशीनवर लावल्यावर पाणी खेचायला सुरुवात केली नाही तोच बीपी ८० वर आला, तिकडच्या टेक्निशियनने डॉक्टरांना बोलावलं, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली, त्यात हृदयाभोवती पाणी निघालं, रिपोर्टमध्ये १४ मिमी लिहिलंय. हृदयावरच्या आवरणाला सूज आली आहे असं सांगितलं. ॲडमिट आहे, आता रोज डायलिसिस करतायत आणि तेही हेपारिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) न घालता.

माझा प्रश्न साधा आहे. पाणी हृदयाभोवती आहे तर ते सुईने काढून का टाकत नाहीत? किडनीचं मशीन लावून ते कसं जाणार? मामा म्हणतोय हे लोक टाइमपास करतायत, मोठ्या हार्टवाल्याकडे हलव आणि अँजिओग्राफी करून घे. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा, राउंडला डॉक्टर दोन मिनिटं थांबतात, तेवढ्यात काय विचारणार.

चहा_कटिंग:
ताई काळजी घ्या. माहिती शून्य आहे पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

निसर्गप्रेमी:
अंगातलं पाणी उतरवायला पुनर्नवा आणि गोखरूचा काढा सकाळ संध्याकाळ द्या, माझ्या परिचितांचं पायावरचं पाणी आठवड्यात गेलं. छातीत दुखत असेल तर एखादी कॉम्बिफ्लाम, बस. हॉस्पिटलवाले घाबरवतात.

मशीनरूम:
@निसर्गप्रेमी, राग मानू नका पण डायलिसिसच्या पेशंटला काढा देऊ नका, कुठल्या वनस्पतीत पोटॅशियम किती हे कोणी मोजलेलं नसतं आणि यांच्या किडनीतून ते बाहेर पडत नाही, थेट हृदयाचे ठोके बिघडतात. कॉम्बिफ्लामचं तर नावच नको, त्यात आयब्युप्रोफेन आहे, किडनीत जी काय थोडीफार लघवी शिल्लक असते तीही जाते, शिवाय पोटात रक्तस्राव व्हायची भीती.

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे रोगाचं कोणीतरी डॉक्टर सांगतील, मी मशीनच्या बाजूने सांगतो. तुमच्या तिथल्या टेक्निशियनने बरोबर पकडलं. बीपी पडणं आमच्याकडे रोजचंच आहे, पण ते बहुतेक वेळा शेवटच्या तासात, पाणी जास्त खेचलं गेलं की. सुरुवातीलाच, थोडंसं पाणी काढलं आणि बीपी धाडकन खाली, पेशंट घामाघूम, आणि हे लागोपाठच्या सेशनला व्हायला लागलं की आमचे जुने सिनियर सांगायचे, ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन) बदलायच्या आधी इको सांगा. कारण हृदयाच्या बाहेरून पाण्याचा दाब असेल तर आत रक्त भरायला आधीच जागा कमी असते, त्यात आपण अंगातलं पाणी खेचलं की भरणारं रक्त आणखी कमी होतं. एरवी दम लागलेला पेशंट पाणी काढल्यावर मोकळा श्वास घेतो, इथे बरोबर उलटं होतं.

हेपारिन बंद का तर सुजलेल्या आवरणातून रक्त झिरपतं. मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून आपण एरवी हेपारिन देतो, तेच आत रक्तस्राव वाढवू शकतं. मग हेपारिनशिवाय चालवायचं तर दर १५ ते ३० मिनिटांनी सलाईनने डायलायझर (मशीनची रक्त गाळणारी गाळणी) धुवत बसावं लागतं, पेशंटला सोडून हलता येत नाही, तरीही मधेच गोठतो कधीकधी. म्हणजे टाइमपास करणारे लोक हे असलं मेहनतीचं काम करणार नाहीत एवढं मामांना सांगा :)

घाटकोपरची_लेक:
थँक्यू दादा, मामाला वाचून दाखवलं. तो म्हणतो ठीक आहे पण सुई का नाही ते कोणी सांगितलंच नाही.

सोम_बुध_शुक्र:
मी स्वतः पेशंट. नावावरून कळेल माझी शिफ्ट कधीची ते. हे प्रकरण माझ्या बाबतीत झालेलं आहे आणि माझं पाणी सुईने काढलं होतं म्हणून लिहितो.

मला दुखत फारसं नव्हतंच. दम लागायचा, दादरचा ब्रिज चढताना मधे दोनदा थांबायला लागायचं, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसायच्या, बायकोने आरशासमोर उभं करून दाखवल्या. एक्सरेत हृदय मोठं दिसलं, आधी सगळे म्हणाले पाणी जास्त पितोस. इको केली तर २० मिमीच्या वर आणि हृदयाचा उजवा कप्पा दाबला जातोय असं. मग थांबलेच नाहीत, त्याच दुपारी इको बघत बघत छातीच्या हाडाच्या खालून सुई घातली, जागा बधिर करतात त्यामुळे दुखलं कमी, घाबरलो जास्त. नळी काही दिवस ठेवली होती. पाणी म्हणजे अक्षरशः रक्तासारखं लाल, पिशवी बघून बायकोला चक्कर आली. डॉक्टर म्हणाले किडनीवाल्यांत असं लालसर येतं बऱ्याचदा.

आणि ते पाणी टीबीसाठी तपासायला पाठवलं. एडीए (टीबीचा संशय वाढवणारी तपासणी) वाढलेलं आलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या, आणि एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. म्हणजे माझं निव्वळ किडनीमुळे नव्हतंच. तुमच्या आईला ताप आहे म्हणताय ना, टीबीचं एकदा विचारून घ्या. आपल्या मुंबईत विचारायला लाज कसली.

बारा_डब्बा:
बाप रे. हे सगळं होऊ शकतं हे कोणी आधी सांगतच नाही. डायलिसिस सुरू करताना फक्त केळं खाऊ नका आणि नारळपाणी नको एवढंच सांगतात.

स्टेथो:
धागा आत्ता पाहिला. मी फिजिशियन आहे, किडनीचा स्पेशालिस्ट नाही, आणि तुमच्या आईला तपासलेलं नाही, तेव्हा हे सगळं समजून घेण्यासाठी, उपचार बदलण्यासाठी नाही.

हृदयाभोवती दोन पदरांचं आवरण असतं, मध्ये एरवीही थोडंसं वंगणासारखं पाणी असतं, १५ ते ५० मिली. किडनी बंद पडली की रक्तात जो कचरा साठतो त्याने हे आवरण सुजतं. नेमकं कुठल्या एका पदार्थामुळे असं बोट दाखवता येत नाही, युरिया खूप वाढलेल्यांत जास्त दिसतं हे खरं, पण युरिया त्या मानाने बरा असूनही होतं. सुजलेले पदर एकमेकांवर घासले की स्टेथोस्कोपमधून नव्या कोऱ्या चामडी चपलेसारखं करकर ऐकू येतं, पेशंटला पुढे वाकवून ऐकलं की जास्त स्पष्ट, आणि मजा अशी की सकाळी ऐकू येतं आणि संध्याकाळी गायब. पाणी वाढलं की आवाज बंदही होतो, त्यामुळे आवाज गेला म्हणजे बरं झालं असं नाही.

हा प्रकार नवा अजिबात नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने १८३६ मध्ये किडनीच्या पेशंटांमधली ही हृदयावरची सूज नोंदवून ठेवलेली आहे. त्या काळी ती करकर ऐकू आली की पेशंटचे दिवस भरले असंच समजायचे, कारण द्यायला काहीच नव्हतं. डायलिसिस आल्यावर चित्र पालटलं. आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, मशीन ते पाणी थेट ओढून घेत नाही, ज्या कचऱ्याने आवरण चिडलंय तो कचरा काढते, मग सूज बसते आणि पाणी शरीर आपलं आपण जिरवतं. म्हणून रोज डायलिसिस, साधारण १० ते १४ दिवस.

उरलेलं अर्धं म्हणजे सुईची भीती. किडनीच्या पेशंटच्या प्लेटलेट्स रिपोर्टमध्ये आकड्याने नॉर्मल असल्या तरी काम नीट करत नाहीत, रक्त थांबायला वेळ लागतो. हलत्या हृदयाशेजारी सुई घालायची आणि आवरण आधीच रक्ताळलेलं. ही जोखीम गरज असेल तरच घ्यायची. १० मिमीच्या आत थोडं, १० ते २० मध्यम, २० च्या वर जास्त असं ढोबळ मानतात, आईचं १४ आहे आणि हृदय दाबलं जात नसेल तर डायलिसिसला संधी देणं अगदी रास्त आहे. पण मिमीवर सगळं ठरत नाही. हळूहळू साठलं तर आवरण ताणलं जातं आणि कधी कधी लिटरभर पाणीसुद्धा पेशंट सहन करतो, तेच झटकन साठलं तर दीड-दोनशे मिलीसुद्धा जीवघेणं. म्हणून इको परत परत करतात. बीपी पडत राहिला, मानेच्या शिरा फुगल्या, दम वाढला, इकोत उजवा भाग दबताना दिसला, की मग सुई, किंवा सर्जन आवरणाला छोटी खिडकी करून देतात. वरचे सोमबुधशुक्र त्या गटातले होते.

तुमच्या आईचं डायलिसिस सुरू होऊन ८ आठवडे केव्हाच उलटून गेलेत. पुस्तकात याला वेगळा कप्पा आहे, डायलिसिस सुरू व्हायच्या आधी किंवा पहिल्या ८ आठवड्यांत झालं तर डायलिसिसने बहुतेक वेळा सुटतं, आणि स्थिरस्थावर झाल्यावर नंतर झालं तर दोन गोष्टी शोधायच्या, एक म्हणजे डायलिसिस पुरेसं होतंय का, आणि दुसरं म्हणजे काही वेगळंच कारण आहे का. त्यात आपल्याकडे टीबी सगळ्यात वर. शिवाय ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), थायरॉइड कमी असणं, आणि बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मिनॉक्सिडिल किंवा हायड्रालाझिन. आईच्या सगळ्या गोळ्यांचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

आता मामा. ते सगळंच चुकीचं बोलत नाहीयेत. डायबेटीस आणि डायलिसिस असलेल्या बाईच्या छातीत दुखलं तर हार्ट अटॅक आधी वगळायलाच हवा. भानगड अशी की ट्रोपोनिन नावाची, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारी रक्ताची टेस्ट किडनीवाल्यांत एरवीही थोडी वाढलेली असते, म्हणून एकदाच नाही, काही तासांनी परत करून आकडा चढतोय का ते बघतात. आणि ईसीजी या आजारात चक्क साधा येऊ शकतो, बाकीच्या कारणांनी आवरण सुजतं तेव्हा ईसीजीत जे ठरलेले बदल दिसतात ते इथे बऱ्याचदा दिसतच नाहीत. पण अटॅक समजून कोणी धडाधड रक्त पातळ करायची औषधं दिली आणि दुखणं या सुजेचं निघालं तर आत रक्तस्राव होऊन हृदय दाबलं जाऊ शकतं. म्हणून विचारा की ट्रोपोनिन दोनदा झालं का आणि इकोत हृदयाच्या भिंती नीट हलतायत का. दोन्ही ठीक असेल तर अँजिओग्राफीची घाई कशाला.

विरारफास्ट:
डॉक्टर एक शंका, माझ्या काकांना व्हायरलनंतर असंच झालेलं तेव्हा कोल्चिसिन (सूज उतरवायचं औषध) दिलेलं, दोन दिवसांत फरक. इथे का नाही देत?

स्टेथो:
काकांच्या किडन्या चांगल्या असणार. कोल्चिसिन बऱ्याच अंशी किडनीतून बाहेर जातं, आणि गंमत म्हणजे डायलिसिसनेसुद्धा निघत नाही, त्यामुळे साठत जातं आणि मग जुलाब, स्नायूंची कमजोरी, रक्तपेशी कमी होणं असले प्रकार. अगदीच दिलं तर फार कमी डोस आणि फार लक्ष ठेवून. दुखण्याला तात्पुरतं पॅरासिटामोल बरं. स्टेरॉइड काही हट्टी केसेसमध्ये वापरतात, पण टीबी वगळल्याशिवाय नको.

घाटकोपरची_लेक:
इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, खरंच आभार. आज राउंडला चिठ्ठीवर प्रश्न लिहून घेऊन गेले. ट्रोपोनिन दोनदा झालंय, चढलेलं नाही. इको परवा परत आहे. टीबीचं पण त्यांच्या डोक्यात आहे, छातीचा सीटी सांगितलाय. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून टेन्शन आलंय, घरी गेल्यावर आठवड्यातून तीनदा यावं लागेल. आमचं दोनदाच बजेटमध्ये बसत होतं. आणि तीनदा म्हणजे माझी नोकरी... भाऊ पुण्यात.

बारा_डब्बा:
दोनदाच पुरे असतं हो, आमच्या शेजारचे काका चार वर्षं दोनदाच जातायत, ठणठणीत.

मशीनरूम:
काकांना लघवी होत असेल अजून बऱ्यापैकी. किडनीचं थोडं काम शिल्लक असेल तर दोनदावर काही काळ निभतं, ते संपलं की नाही निभत. आणि आपल्याकडे दोनदाचं ठरतं ते तपासणीवर नाही, पैशांवर, हे उघड बोलायला काय हरकत आहे. चार तास तीनदा हा नेहमीचा हिशोब आहे. त्यातही लोक काय करतात, साडेतीन तास झाले की ट्रेन आहे काढा म्हणतात. पेशंट म्हातारा, नातेवाईक हात जोडतो, आमचाही पुढचा स्लॉट थांबलेला असतो, आम्ही काढतो. दर वेळी अर्धा तास. महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

ताई, एक करा, महिन्यातून एकदा डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा युरिया करून घ्या. एका सेशनमध्ये युरिया निदान ६५ टक्के खाली यायला हवा. कमी येत असेल तर वेळ कमी पडतोय, फिस्टुलाचा फ्लो बरोबर नाही, किंवा डायलायझर लहान आहे, काहीतरी एक. बऱ्याच सेंटरमध्ये हे मागितल्याशिवाय करत नाहीत, मागा.

सोम_बुध_शुक्र:
पैशांचं बोलतो कारण ती खिंड मी लढवलेली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, जे हॉस्पिटल योजनेत आहे तिथे आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, आधी चौकशी, मग ॲडमिशन, उलटं केलंत तर बिल भरून मोकळे व्हाल. दुसरं म्हणजे ट्रस्टची मोठी हॉस्पिटलं, त्यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायला लागतात, उत्पन्नाचा दाखला लागतो, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन बसायचं, काउंटरवर विचारलं तर कोणी सांगणार नाही. प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाचं डायलिसिस सेंटर आहे, नंबर लागायला वेळ लागतो पण नाव घालून ठेवा. एक सेशन जरी स्वस्त मिळालं तरी तिसऱ्याचा खर्च निघतो.

टीबी निघालाच तर औषधं सरकारी फुकट आहेत, आणि पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात. डायलिसिसवाल्यांना त्यातल्या काही गोळ्या डायलिसिस झाल्यावरच घ्यायच्या असतात, मशीन लावायच्या आधी घेतल्या तर वाहून जातात. टीबी सेंटरवाल्यांना तुम्ही डायलिसिसवर आहात हे ठणकावून सांगायचं, नाहीतर नेहमीच्या डोसचं पाकीट हातात देतात.

चहा_कटिंग:
आणि पावसाचं काय करता तुम्ही लोक? हिंदमाताला पाणी भरलं की आम्ही ऑफिसला दांडी मारून भजी तळतो, यांना तर दांडी मारता येत नाही.

मशीनरूम:
चांगला प्रश्न. सेंटरमधले अनुभवी पेशंट जून ते सप्टेंबर हवामान खात्याचा अलर्ट बघून आधीच फोन करतात, आज संध्याकाळी घ्या, उद्या नको. रेड अलर्टच्या आदल्या दिवशी आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत मशीन चालतं. घराजवळचं एक दुसरं सेंटर हेरून ठेवायचं, तिथे लागणारे एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट फोनमध्ये तयार ठेवायचे, त्याशिवाय कोणी मशीनला हात लावू देत नाही. सेशन चुकलंच तर पुढच्या सेशनपर्यंत पाणी आणि मीठ निम्म्यावर, फळं बंद. आणि सोमवारचं गेलं म्हणून थेट गुरुवारी यायचं नाही, मंगळवारी फोन करून भांडून स्लॉट घ्यायचा.

घाटकोपरची_लेक:
अपडेट. इको झाली, १४ चं ९ वर आलंय. ताप नाही. काल रात्री आई चक्क एका उशीवर आडवी झोपली, मला म्हणाली आता तूही जा घरी आणि झोप. सीटीमध्ये टीबीसारखं काही नाही म्हणाले, तरी लक्ष ठेवणार. रोजच्या डायलिसिसमुळे पोटॅशियम उलट कमी झालं होतं, त्यामुळे मशीनचं पाणी (रक्त साफ करायला वापरतात ते द्रावण) बदललं, आणि जेवणात थोडी सूट दिली, आईने पहिल्यांदा काय मागितलं असेल तर बटाट्याची भाजी. हेपारिन अजून बंदच. तीनदाचं ठरलंय, दोन जुन्याच सेंटरला आणि एक योजनेत, आरोग्यमित्रांनी कागद घेतलेत. मामा आता सगळ्या नातेवाईकांना फोनवर प्लेटलेट्स समजावून सांगतोय.

विरारफास्ट:
मामा रॉक्स.

स्टेथो:
उत्तम. घरी गेल्यावरही इको एक-दोनदा होईल, चुकवू नका. क्वचित कोणाला हेच परत होतं, आणि क्वचित काही महिन्यांनी आवरण जाड आणि कडक होऊन हृदयाला आवळतं, तेव्हा पायावर आणि पोटात सूज येत राहते आणि डायलिसिसने पाणी काढूनही जात नाही. तसं दिसलं तर सांगा.

लोअर_परळ:
धागा उशिरा वाचला, पण वाचून हात गार पडले. सासरे ७०, डायलिसिस सुरू होऊन तीन आठवडे, कालपासून आडवं पडलं की छातीत दुखतंय, आज सकाळपासून खुर्चीतच बसून आहेत, श्वास जोरात. बीपी १००/६०, एरवी १६० असतो. उद्या सकाळी सात वाजता सेशन आहे, तोपर्यंत थांबू का?

स्टेथो:
नका थांबू. एरवी १६० असणाऱ्याचा १०० म्हणजे कमीच. आत्ता निघा, जिथे इको आणि डायलिसिस दोन्ही रात्री होतं अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला. जाताना तोंडाने काही औषध देऊ नका. तिथे पहिल्या वाक्यात सांगा, डायलिसिसचा पेशंट आहे, शेवटचं सेशन कधी झालं, आडवं पडल्यावर दुखतं, बीपी नेहमीपेक्षा कमी आहे. ईसीजी, पोटॅशियम आणि इको, तिन्ही मागा.

लोअर_परळ:
१०८ ला फोन लावलाय, येतेय.

मशीनरूम:
फाईल घ्या, त्यात शेवटच्या सेशनचा कागद असतो, वजन आणि हेपारिन किती दिलं ते त्यावर लिहिलेलं असतं. आणि कॅज्युअल्टीत घाईघाईत फिस्टुलाच्या हातावर बीपीचा पट्टा किंवा सलाईन लावतात, लावू देऊ नका, दुसरा हात पुढे करा.